मोठा पतंग घ्या, हा सल्ला सिंगल स्किनला लागू पडत नाही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

आपल्या पुरवणीत स्नोकायटिंगवर, म्हणजे पायांत स्की किंवा स्नोबोर्ड अडकवून पतंगाच्या ओढीने बर्फावरून जाण्याच्या खेळावर, प्रसिद्ध झालेला लेख वाचला. या विषयावर मराठीत इतके सविस्तर लिहिलेले क्वचितच आढळते, त्यामुळे लेखकाचे आभार आधी मानतो. वाऱ्याच्या खिडकीचे, म्हणजे पतंग हवेच्या ज्या पट्ट्यात फिरू शकतो त्याचे, विवेचन आणि हिमस्खलनाविषयीची चौकट तर कापून ठेवावी अशी आहे. मात्र नवशिक्यांना सिंगल स्किन, म्हणजे एकाच पृष्ठभागाचा फॉइल पतंग सुचवून झाल्यावर लेखकाने पुढे जो सल्ला दिला आहे, की शक्यतो एकच पण मोठा पतंग घ्यावा आणि वारा वाढलाच तर बार, म्हणजे पतंग हाताळण्याची दांडी, पुढे ढकलून ओढ कमी करावी, तो या जातीच्या पतंगाला लागू पडत नाही. दुहेरी पृष्ठभागाच्या पतंगांबाबत तो काही अंशी चालून जातो. सिंगल स्किन घेणाऱ्याने तो पाळला, तर ज्या दिवशी पतंग आवरता यायला हवा नेमक्या त्याच दिवशी तो आवरणार नाही.

याचे कारण पतंगाच्या बांधणीत आहे. दुहेरी फॉइलचे तत्त्व डोमिना जालबर्ट यांनी १९६४ साली पॅराफॉइलच्या रूपाने मांडले. पुढच्या कडेवरच्या तोंडांतून हवा आत शिरते, वरच्या आणि खालच्या कापडांमधल्या कप्प्यांत दाब निर्माण होतो आणि त्या दाबामुळे पंखाला जाडी व आकार मिळतो. सिंगल स्किनमध्ये खालचे कापडच नसते. वरचे एक कापड, त्याच्या पोटाशी ओळीने शिवलेल्या त्रिकोणी पट्ट्या, नाकापाशी थोडीशी दुमड, बऱ्याच पतंगांत त्या दुमडीला ताठ ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक काड्या आणि हे सगळे खालून धरून ठेवणाऱ्या कन्नीच्या दोऱ्या, ज्यांना या खेळात ब्रायडल म्हणतात, एवढाच त्याचा संसार. त्याचा आकार टिकतो तो दोऱ्यांचा ताण आणि कापडावर खालून येणारा वाऱ्याचा दाब यांच्या जोरावर. कल्पना नवी नाही. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या दाम्पत्याने लवचीक पंखाच्या पेटंटसाठी १९४८ साली अर्ज केला आणि १९५१ साली ते त्यांना मिळाले. पुढे १९६०च्या दशकात अवकाशयाने अलगद जमिनीवर उतरवण्यासाठी नासाने त्याच कल्पनेवरच्या पॅराविंगचे बरेच प्रयोग केले. अवकाशयानांच्या कामी ती योजना आली नाही. पण पॅराविंगचे आराखडे घरी पतंग शिवणाऱ्यांच्या हाती पडले आणि चाकांच्या गाड्या ओढण्यासाठी त्यांचा वापर होऊ लागला. फ्लायसर्फरचा पीक किंवा ओझोनचा सबझिरो हे आजचे पतंग त्या आराखड्यांच्या फार पुढे गेले आहेत, परंतु पोटाखाली कापड नसणे ही मूळ गोष्ट तीच आहे, आणि तिच्यातून येणारे गुणही तेच आहेत व मर्यादाही त्याच.

गुण आधी सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहेत आणि हे पत्र सिंगल स्किनच्या विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये. कप्पे भरायचे नसल्यामुळे हा पतंग वारा लागताक्षणी उभा राहतो. दुहेरी पतंगात हवा भरेपर्यंत तो बर्फावर लोळत राहतो, आणि तोंडे उघडी असलेल्या पतंगाच्या कप्प्यांत त्या वेळात भुसभुशीत बर्फ शिरला, तर तो झटकून काढण्यात बोटे बधिर होतात. सिंगल स्किनमध्ये बर्फ साठायला जागाच नाही. कापड जवळपास निम्मे असल्याने वजनही कमी असते, आणि दुहेरी पतंग हळूहळू खाली बसतो अशा क्षीण वाऱ्यातही हा वर टिकून राहतो. हवेत तो कोसळला तरी आतला दाब पुन्हा तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही; वारा पोटाखाली आला की तो उघडतो. गुंडाळल्यावर पाठपिशवीच्या तळाशी मावतो, त्यामुळे चढण स्कीच्या सालींवर, म्हणजे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्यांवर, आणि पठार पतंगाच्या ओढीने पार करणाऱ्या भटक्यांना त्याच्याइतका सोयीचा दुसरा पतंग नाही. लेखकाने यांपैकी बहुतेक गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या बरोबर आहेत.

प्रश्न सुरू होतो तो वारा वाढल्यावर. बार पुढे ढकलला की मागच्या दोऱ्या सैल पडतात, पतंगाचे नाक वाऱ्याकडे झुकते, वाऱ्याशी असलेला त्याचा कोन लहान होतो आणि ओढ उतरते. यालाच डीपॉवर म्हणतात. दुहेरी पतंगात हा कोन बराच लहान झाला तरी आतला दाब नाकाला धरून ठेवतो. सिंगल स्किनचे नाक मात्र खालून लागणाऱ्या वाऱ्यावरच उभे असते. कोन एका मर्यादेखाली गेला की तो आधारच निघून जातो: पुढची कड आधी फडफडते, मग आत दुमडते, पतंग क्षणभर मरतो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा उघडून हिसका देतो. पतंग बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून कोन त्या मर्यादेपलीकडे सहसा जाऊ नये अशा बेताने ते बारची आणि दोऱ्यांची जुळणी करतात. त्याचा अर्थ असा, की बार हात पोहोचेल तितका पुढे ढकलला तरी काही ओढ शिल्लक राहतेच. हलक्या वाऱ्यात ती जाणवतही नाही. पण मोठ्या पतंगावर जोराचा वारा आला की हीच उरलेली ओढ माणसाला फरफटत नेण्यास पुरेशी ठरते. नव्या रचनांमध्ये ही मर्यादा बरीच मागे सरकली आहे हे मान्य केले, तरी ती नाहीशी झालेली नाही.

आता ही ओढ वाढते तरी कशी, ते पाहावे. पतंगावरचे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग सुखाने ओढतो, तोच पतंग ताशी २७ किलोमीटरला सव्वादोनपट आणि ताशी ३६ किलोमीटरला चौपट ओढू पाहतो. डोंगराळ भागात सरासरी वारा १८ असताना झोत २७चे असणे ही काही विशेष गोष्ट नाही, म्हणजे सव्वादोनपटीचा फरक एकाच दिवसात, किंबहुना एकाच मिनिटात अनुभवावा लागतो. दुहेरी पतंग अशा वेळी आणखी एक मदत करतो: झोत आला की तो वेगाने पुढे सरकून खिडकीच्या कडेला जातो आणि तेथे ओढ कमी असते. सिंगल स्किनला हवेचा अवरोध जास्त होत असल्याने तो कडेपर्यंत पोहोचत नाही, आतल्या बाजूला राहतो आणि झोताचा मोठा भाग आपल्याच अंगावर घेतो. कोलमडण्याच्या दृष्टीने तो झोतांत स्थिर असतो हे खरे आहे, पण कोलमडत नाही एवढ्यावरून त्याची ओढही सौम्य राहील असे समजणे चुकीचे ठरेल. ‘स्थिर’ हे विशेषण जाहिरातींत सर्रास वापरले जाते आणि लेखातही ते आले आहे, म्हणून हा फरक जरा विस्ताराने सांगितला.

म्हणून आकार निवडताना माझा आग्रह असा आहे, की दिवसातल्या सर्वांत कमी वाऱ्याकडे नव्हे तर आपण ज्यात बाहेर पडणार आहोत त्यातल्या सर्वांत जास्त वाऱ्याकडे पाहून आकार ठरवावा. सिंगल स्किनच्या बाबतीत हे परवडतेही, कारण खालच्या टोकाला हा पतंग उदार असतो. थोडा लहान घेतला तरी कमी वाऱ्यात तो हवेत टिकतो आणि खिडकीत आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहिल्यास स्वतःच्या वेगाने ओढ निर्माण करतो. लहान घेतल्याने फार तर थोडे हळू जावे लागते. मोठा घेतल्याने काय होते ते वर आलेच आहे.

आकडे द्यायचेच तर अंदाजाची सुरुवात अशी करता येईल: सुमारे ७५ किलो वजनाचा, स्कीवर उभा असलेला आणि दाबलेल्या बर्फावरून जाणारा माणूस ताशी १५ ते २५ किलोमीटरच्या वाऱ्यात ६ चौरस मीटरच्या आसपासचा, आणि त्यापुढे ताशी ३५ किलोमीटरपर्यंत ४ चौरस मीटरच्या आसपासचा पतंग वापरू शकतो. हा अंदाज आहे, नियम नव्हे, आणि निर्मात्याचा तक्ता वेगळे सांगत असेल तर तोच प्रमाण मानावा. वजनाबरोबर क्षेत्रफळ साधारण त्याच प्रमाणात बदलते, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६ऐवजी ५च्या जवळचा आणि ९० किलोच्या व्यक्तीला ७च्या थोडा पुढचा पतंग योग्य होईल. नवशिक्याने वाऱ्याची वरची मर्यादा आणखी खाली आणावी आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे काही काळ जाऊच नये.

बर्फाचा प्रकार वजनाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि लेखासोबत आपण छापलेल्या वारा-आकाराच्या तक्त्यात त्याचा उल्लेखच नाही. गोठलेल्या तलावाच्या नितळ बर्फावर घर्षण जवळपास शून्य असते. तेथे लहानसा पतंगही माणसाला भरधाव नेतो आणि स्कीची कड रोवायला पुरेशी पकड मिळत नाही. उलट गुडघाभर भुसभुशीत बर्फात, विशेषतः स्नोबोर्डवर, नुसते उठून चालू लागण्यासाठीच बरीच ओढ लागते आणि तेथे एक आकार वर जाणे योग्य ठरते. त्या बर्फात पडल्यास मारही कमी लागतो, हीही जमेची बाजू. चढावर जायचे असेल तर ओढ जास्त लागते हे उघड आहे, पण त्याच डोंगराच्या माथ्यावर वारा दबून वेगवान होतो आणि पलीकडच्या उतारावर तो गरगरत खाली येतो, त्यामुळे चढासाठी घेतलेला मोठा पतंग माथ्यावर पोहोचेपर्यंत नकोसा झालेला असतो. अशा ठिकाणी लहान पतंग घेऊन तिरकस वळणांनी चढावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हवेच्या घनतेबाबतही थोडे लिहितो, कारण लेखात ‘थंड हवा जड असते म्हणून लहान पतंग घ्या’ एवढेच म्हटले आहे. समुद्रसपाटीला उणे १५ अंश सेल्सिअसची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घन असते, आणि तेवढीच ओढ वाढते, हे बरोबर आहे. परंतु २,००० मीटर उंचीवर प्रमाणित वातावरणातली घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. फ्रान्समधली लोतारेची खिंड, जिथे स्नोकायटिंग करणाऱ्यांची हिवाळ्यात गर्दी असते, ती २,०५८ मीटरवर आहे. तेथे थंडीने दिलेले उंचीने जवळपास काढून घेतले जाते. नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दासारख्या सरासरी सुमारे १,१०० मीटर उंचीच्या पठारावर हिशेब थंडीच्या बाजूला झुकतो. तरीही घनतेचा हा सगळा खेळ दहा-पंधरा टक्क्यांचा आहे, तर वाऱ्याचा खेळ दुपटी-चौपटीचा. तेव्हा थर्मामीटरपेक्षा वेगमापक खिशात असलेला बरा.

दुसरी मर्यादा वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, चढण्याची. पतंगाची उचल आणि अवरोध यांचे प्रमाण जितके चांगले, तितका तो खिडकीच्या कडेजवळ उभा राहतो. समजा, हे प्रमाण ४ असेल तर पतंग कडेपासून सुमारे १४ अंश आत राहील, ७ असेल तर सुमारे ८ अंश. सिंगल स्किन या बाबतीत दुहेरी पतंगाच्या मागे असतो, आणि हा काही अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटला तरी पायांना तो फार महागात पडतो. वाऱ्याला आडव्या रेषेपेक्षा २० अंश वर चढू शकणाऱ्याला १ किलोमीटर वाऱ्यावर जाण्यासाठी सुमारे ३ किलोमीटर कापावे लागतात. १० अंशच चढू शकणाऱ्याला जवळजवळ ६. वाऱ्याबरोबर मजेत ५ किलोमीटर खाली गेलेल्या माणसाला परत येताना याचा अर्थ कळतो, आणि तोपर्यंत बहुधा ऊन उतरलेले असते व वाराही पडू लागलेला असतो. सिंगल स्किन घेणाऱ्याने म्हणूनच दिवसाची सुरुवात वाऱ्यावर चढण्याने करावी किंवा वाऱ्याला आडवे जाऊन आडवेच परत येता येईल असे मैदान निवडावे. स्कीच्या साली पिशवीत ठेवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. ज्यांना शर्यती खेळायच्या आहेत, त्यांनी या पतंगाच्या वाटेला न जाता लांबट, दुहेरी पृष्ठभागाचा पतंग घ्यावा.

उंच उड्यांची हौस असणाऱ्यांनाही माझे तेच सांगणे राहील. लेखकाने सिंगल स्किन माणसाला सहज उचलत नाही म्हणून तो सुरक्षित असल्याचे लिहिले आहे. सहज उचलत नाही हे खरे. पण उताराच्या कडेवर, जोराच्या झोतात, मोठ्या आकाराने उचललेच, तर अलगद खाली आणण्याइतकी तरंग त्याच्यात नसते. दुहेरी पतंगाखाली माणूस थोडाफार तरंगत उतरतो, याच्याखाली तो पडतो. नवशिक्याच्या दृष्टीने या गुणाची सुरक्षितता पुन्हा आकारावरच अवलंबून आहे.

कन्नीच्या दोऱ्यांविषयी लेखात एक वाक्यही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. दाबाऐवजी दोऱ्यांनी आकार धरायचा म्हणजे दोऱ्या जास्त लागणार, आणि अवरोध वाढू नये म्हणून त्या बारीक असणार. अशा दोऱ्या बर्फाच्या कडक पापुद्र्यात अडकतात, स्कीच्या बांधणीत गुंततात, झुडपांच्या टोकांना धरून बसतात. आणि धारदार कडेची स्की त्यांच्यावरून गेली तर तुटतातही. हातमोजे घालून ती गाठ सोडवणे अशक्य आणि हातमोजे काढून ती सोडवणे यातनादायक, असा तो पेच असतो. त्यामुळे पतंग विकत घेण्यापूर्वी तो एकदा जमिनीवर पसरून पाहावा: दोऱ्यांचे पुढचे, मधले आणि मागचे थर रंगाने वेगळे ओळखता येतात का, कप्प्या, म्हणजे दोरी फिरवणारी छोटी चाके, असतील तर त्यांत बर्फ धरून त्या जाम होण्याजोग्या आहेत का, एखादी दोरी तुटली तर ती सुटी मिळते का. घडी घालताना नाकातल्या काड्या मोडतील अशी तीक्ष्ण दुमड देऊ नये, आणि ओला पतंग घरी आणल्यावर वाळवल्याशिवाय पिशवीत ठेवू नये.

पटकन उभा राहण्याचा जो गुण आहे, त्याची दुसरी बाजूही खरेदीच्या वेळी लक्षात घ्यावी. बर्फावर उतरवून ठेवलेला सिंगल स्किन हलका असल्याने जरा वारा फिरला की पुन्हा उठू पाहतो. डबा खायला बसलेल्या मालकाला सोडून निघून गेलेले पतंग हा या खेळातला जुना विनोद आहे, पण पतंगाच्या वाटेत दुसरे कोणी असेल तर तो विनोद राहत नाही. मागच्या कडेवर भरपूर बर्फ टाकणे आणि ब्रेकच्या, म्हणजे पतंगाच्या मागच्या कडेला जोडलेल्या, दोऱ्या बर्फात रोवलेल्या खुंटाला किंवा स्कीला ताणून बांधणे, या दोन्ही गोष्टी कराव्यात. याच कारणाने क्विक रिलीजची, म्हणजे संकटात पतंगाची ओढ तत्काळ सोडणाऱ्या कळीची, परीक्षा काटेकोरपणे घ्यायला हवी. जाड हातमोज्यात, ओढ चालू असताना, एका हाताने तो सुटतो का? सुटल्यावर पतंग एकाच दोरीवर पूर्णपणे निपचित होतो, की फडफडत पुन्हा उघडायचा प्रयत्न करतो? बर्फाने भरलेला रिलीज पुन्हा जुळवता येतो का? दुसऱ्याच कंपनीचा, आधीच घरात असलेला बार नव्या पतंगाला जोडणाऱ्यांनी तर हे आणखी बारकाईने पाहावे, कारण काही पतंगांत पुढची एक दोरी, काहींत मागच्या दोऱ्या आणि काहींत पाचवी दोरी पतंग पाडण्यासाठी योजलेली असते. बार जुळला म्हणून सुरक्षेची योजना जुळतेच असे नाही.

वापरलेला पतंग घेताना लोक कापडातून फुंकर मारून पाहतात. दुहेरी पतंगात आतला दाब टिकण्यासाठी कापड घट्ट असणे फार महत्त्वाचे असते. सिंगल स्किनमध्ये आधी दोऱ्यांची लांबी तपासावी. ज्या दोऱ्यांवर भार जास्त येतो त्या ताणून लांबतात, ज्यांवर कमी येतो त्या हळूहळू आखडतात, आणि त्यातून पतंग नकळत ब्रेक लावल्यासारखा उडू लागतो, वर चढत नाही, मागे रेलून खाली बसतो. चारही दोऱ्या एका खुंटाला अडकवून ताणल्या की फरक लगेच दिसतो आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त करता येतो. मागची कड मात्र सतत फडफडल्याने विरलेली असेल, तर तो पतंग सोडून द्यावा. रंगाच्या बाबतीत एवढेच, की धुरकट उजेडात पांढऱ्यावर उठून दिसेल असा घ्यावा. करडा पतंग छायाचित्रात छान दिसतो, बर्फवृष्टीत दिसत नाही.

मुख्य दोऱ्यांच्या लांबीने आकाराची उणीव काही प्रमाणात भरून काढता येते, हा मुद्दा मोठ्या पतंगाच्या मोहात पडलेल्यांसाठी मुद्दाम नोंदवतो. साधारण २० मीटरच्या दोऱ्यांऐवजी लांब दोऱ्या जोडल्या तर पतंगाला फिरायला मोठी खिडकी मिळते आणि जमिनीपासून उंचावरचा, सहसा अधिक जोराचा वाराही मिळतो; ध्रुवीय प्रदेशांतले प्रवासी क्षीण वाऱ्यात ५० मीटर आणि त्याहून लांब दोऱ्या वापरतात ते याचसाठी. पतंगाच्या मदतीने अवघड अंतरे कापणाऱ्या या मंडळींचे साहित्य पाहण्यासारखे असते. सेबॅस्टियन कोपलंड आणि एरिक मॅकनेअर-लँड्री यांनी २०१० साली ग्रीनलंडमध्ये २४ तासांत ५९५ किलोमीटर अंतर कापले होते. अशा मोहिमांवर जाणारे लोक एका मोठ्या पतंगावर विसंबत नाहीत. स्लेजवरचा प्रत्येक ग्रॅम मोजणारी माणसे वेगवेगळ्या आकारांचे पतंग सोबत नेतात, याचा अर्थ डीपॉवरने आकाराचे काम होत नाही हे त्यांनी जाणलेले असते. हौशी माणसाने एवढा संग्रह करण्याची गरज नाही. पण सिंगल स्किन हा बेत ठरलाच असेल, तर पहिला पतंग लहान किंवा मध्यम घ्यावा, आणि दुसरा घेण्याची वेळ आली की हलक्या वाऱ्यासाठी पहिल्याच्या साधारण दीडपट क्षेत्रफळाचा घ्यावा. क्षेत्रफळ दीडपट झाले की तीच ओढ मिळायला लागणारा वाऱ्याचा वेग गणिताने सुमारे एक-पंचमांश उतरतो. प्रत्यक्षात तो इतका उतरत नाही, कारण मोठा पतंग हळू वळतो आणि लहान पतंग स्वतःच्या वेगाने बरेच काही भरून काढतो. तरी दीडपटीहून कमी फरकाचे दोन पतंग बाळगण्यात काही अर्थ नाही.

मग सिंगल स्किन कोणी घ्यावा? ज्याला सपाट, मोकळ्या मैदानावर मध्यम वाऱ्यात शिकायचे आहे, ज्याला पतंग पाठीवर घेऊन दूरवर भटकायचे आहे, किंवा ज्याच्याकडे दुहेरी पतंग आहे आणि हलक्या वाऱ्याचे दिवस वाया जातात म्हणून चुटपुट लागते, अशांनी तो जरूर घ्यावा. यांतल्या तिसऱ्या माणसाने मोठा आकार घेतला तरी माझी हरकत नाही, कारण वारा वाढल्यावर पतंग बदलण्याची सोय आणि बदलायला हवा हे ओळखण्याची नजर त्याच्याकडे असते. हरकत आहे ती पहिल्या माणसाला तोच सल्ला देण्याला.

शेवटी आपल्याला एक विनंती. लेखासोबत छापलेल्या तक्त्यात एका बाजूला वाऱ्याचा वेग आणि दुसऱ्या बाजूला पतंगाचा आकार एवढेच आहे, आणि पुष्कळ वाचक लेख विसरतील पण तक्ता कापून ठेवतील. तो तक्ता किती वजनाच्या माणसासाठी आहे, स्कीसाठी आहे की स्नोबोर्डसाठी, कोणत्या बर्फासाठी आहे आणि त्यातला वाऱ्याचा वेग सरासरीचा आहे की झोतांचा, हे लेखकाकडून विचारून घेऊन, तसेच सिंगल स्किन आणि दुहेरी पतंगांसाठी स्वतंत्र रकाने करून, तो येत्या पुरवणीत पुन्हा छापावा. हिवाळा तोंडावर आहे आणि पतंगांची खरेदी याच दिवसांत होते, त्यामुळे दुरुस्तीला फार उशीर होऊ नये, ही अपेक्षा.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक